स्वखर्चाने पायकॉन इंडिया: आठ-नऊ महिन्यांनी काय उरलं

सप्टेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या पायकॉन इंडियाला, म्हणजे पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरणाऱ्यांच्या परिषदेला, स्वतःच्या पैशांनी जाऊन आलो. आल्या आल्या लिहिलं असतं तर सगळं गोडच लिहिलं असतं, कारण अशा ठिकाणाहून परतलेला माणूस आठवडाभर हवेत असतो. म्हणून मुद्दाम थांबलो. आता ते पैसे कुठे लागले आणि कुठे वाया गेले हे थंड डोक्याने सांगता येईल.

मी पुण्यात जँगोवर, म्हणजे पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कवर, बॅकएंडचं (वेबसाइटच्या पडद्यामागचं) काम करतो. ऑफिसात विचारलं होतं. ट्रेनिंगचं बजेट सर्टिफिकेट मिळणाऱ्या कोर्सलाच मिळतं, असं उत्तर आलं. विषय संपला. मग स्वतः जायचं का, यावर घरी दोन-तीन रात्री चर्चा झाली. बायकोचा प्रश्न सरळ होता: व्याख्यानं नंतर यूट्यूबवर फुकट येतात ना? येतात. मग तेरा हजार कशाचे?

आधी त्या तेरा हजारांचा हिशेब. परिषदेचं तिकीट त्यातला छोटा भाग. खरा खर्च राहण्याचा. परिषद होसूर रोडवरच्या निम्हान्स कन्व्हेन्शन सेंटरमध्ये होती आणि जवळपास ऐन वेळी स्वस्त खोली मिळणं कठीण. जाताना रात्रीची स्लीपर बस, कोल्हापूर-बेळगाव-हुबळीमार्गे. येताना उद्यान एक्सप्रेस, सोलापूरवरून, वेळखाऊ पण पाठ मोडत नाही. या रकमेत न दिसणारा खर्च म्हणजे रजा. परिषद २० ते २३, शुक्रवार ते सोमवार, शिवाय प्रवास. दिवाळीला शिल्लक ठेवलेल्या रजा तिथे गेल्या आणि घरी ते अजून निघतं.

करात काही सुटेल अशी आशा नोकरदाराने ठेवू नये. आपल्याला स्टँडर्ड डिडक्शन तेवढं, नव्या पद्धतीत ७५ हजार, मग तुम्ही परिषदेला जा नाहीतर जाऊ नका. फ्रीलान्सर हा धंद्याचा खर्च म्हणून दाखवू शकतो, पण अंदाजे नफ्याच्या सोप्या योजनेत निम्मं उत्पन्न नफा धरून कर भरत असेल तर त्यालाही वेगळी वजावट नाही. कंपनीकडून थोडेफार पैसे मिळण्यासारखे असतील तर बिलं आपल्या नावावर फाडण्याआधी एचआरला विचारून घ्या.

आता बायकोच्या प्रश्नाकडे. व्याख्यानांच्या बाबतीत ती बरोबर होती. पहिल्या दिवशी मी शाळकरी मुलासारखा एका सभागृहातून दुसऱ्यात पळत होतो. त्या दिवशीच्या टिपणांची वही मी आजतागायत उघडलेली नाही. ज्या दोन व्याख्यानांचा खरंच उपयोग झाला ती मी नंतर घरी, दीडपट वेगाने, चहा पीत पाहिली.

पैसे वसूल झाले ते व्हरांड्यात. आमचं एक रात्रीचं काम होतं: डेटाबेसमधल्या लाखो ओळी वाचून रिपोर्ट बनवायचं. ते अधूनमधून मरायचं, आणि लॉगमध्ये अमुक नावाचा कर्सर (वाचन कुठवर आलं ती डेटाबेसमधली खूण) अस्तित्वात नाही अशी तक्रार. पुन्हा चालवलं की चालायचं, म्हणून कोणी मनावर घेत नव्हतं. जेवणाच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या एकाला मी सहज हे सांगितलं. त्याने दोनच प्रश्न विचारले. मध्ये पीजीबाउन्सर (डेटाबेसची मोजकी कनेक्शनं अनेकांत वाटणारा प्रोग्राम) आहे का, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये? आणि क्वेरीवर इटरेटर (ओळी एकदम न घेता थोड्याथोड्या घेण्याची सोय) लावलाय का? दोन्हीला हो.

मग ताट हातात घेऊनच त्याने उलगडून सांगितलं. पोस्टग्रेस डेटाबेसवर इटरेटर लावला की जँगो सर्व्हर-साइड, म्हणजे डेटाबेसच्या बाजूला राहणारा, कर्सर उघडतो. तो कर्सर ज्या कनेक्शनवर उघडला त्याच कनेक्शनवर असतो. ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसच्या कामांचा एक गठ्ठा, संपला की पीजीबाउन्सर ते कनेक्शन दुसऱ्याला देऊन टाकतो आणि पुढच्या ओळी मागायला आपण भलत्याच कनेक्शनवर पोहोचतो. गर्दी नसेल तेव्हा तेच कनेक्शन परत मिळतं, म्हणून चूक कधी दिसते, कधी नाही. उपाय दोन: कर्सर बंद करायची सेटिंग जँगोत आहे, किंवा सगळं वाचन एका अ‍ॅटॉमिक ब्लॉकमध्ये, म्हणजे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, गुंडाळायचं. पहिल्यात मेमरी जास्त लागते, म्हणून आम्ही दुसरा घेतला. ऑक्टोबरपासून ते काम त्या कारणाने एकदाही पडलेलं नाही. हे सगळं जँगोच्या दस्तऐवजात लिहिलेलं आहे, पण दस्तऐवज आपल्याला उलट प्रश्न विचारत नाही.

लाजाळू माणसांसाठी एक गोष्ट. अशा परिषदांमध्ये पॅक-मॅन नियम सांगतात, एरिक होल्शर यांचा: गोल करून उभं राहिलात की एका माणसाची जागा मोकळी सोडा. बरेच जण पाळतात. तरी पहिला अर्धा दिवस मी फोनमध्ये डोकं घालूनच उभा होतो. तेव्हा पायथन ३.१३ दोन-अडीच आठवड्यांवर आली होती. तिच्या जीआयएलशिवायच्या (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं कुलूप काढलेल्या) प्रायोगिक बिल्डवर कुठल्याही घोळक्यात वाद चालू असायचा, त्यामुळे तोंड उघडायला विषय मिळाला. स्पॉन्सरांचे स्टॉल मात्र टी-शर्टपुरते. नोकरी शोधत असाल तर गोष्ट वेगळी.

डेव्ह स्प्रिंटबद्दल, म्हणजे एकत्र बसून ओपन सोर्स प्रोजेक्टवर काम करण्याच्या दिवसाबद्दल, माझं मत आता बदललं आहे. त्या दिवशी वैतागलो होतो, कारण प्रोजेक्ट लॅपटॉपवर उभा करण्यातच निम्मा दिवस गेला आणि हातून झालं काय, तर दस्तऐवजातली एक दुरुस्ती. पण ते सेटअप लॅपटॉपवर राहिलं. डिसेंबरात त्याच प्रोजेक्टात एक छोटा बग सुधारला, मार्चमध्ये आणखी एक. घरी बसून ही सुरुवात मी वर्षानुवर्षं टाळत होतो. शेजारी बसून ‘हे चालवून बघ’ म्हणणारा मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा माणूस, यूट्यूबवर मिळत नाही.

आणि एक फरक स्वतःच्या पैशांचा. परत आल्यावर कोणाला रिपोर्ट द्यायचा नव्हता. ऑफिसच्या कामाशी काडीचाही संबंध नसलेल्या, मराठी मजकुराच्या शोधावरच्या गप्पांत मी तासभर बसलो, ते केवळ म्हणूनच.

मी पाचपैकी साडेतीन देतो. अडलेला प्रश्न सोबत असेल तर चार. ‘जाऊन बघू काय असतं’ एवढंच असेल तर आधी शहरातल्या पायथन मीटअपला दोन-चार वेळा जा, त्याला बसचं तिकीटही लागत नाही. एकेकाळी, २०११ मध्ये, पायकॉन इंडिया पुण्यात सिंबायोसिसच्या विश्वभवनात झाली होती. तशी पुन्हा इथे आली तर हा हिशेबच बदलेल.

२०२५ ची परिषद १२ ते १५ सप्टेंबरला, पुन्हा निम्हान्समध्येच. मी जातोय. खोली आत्ताच बुक केली आहे, दोघांत मिळून. व्याख्यानं मोजकीच ऐकणार, आणि स्प्रिंटचं सेटअप निघण्याआधी घरीच करून ठेवणार. रजांचं घरी अजून बोललेलो नाही.