मधलं चाक दिसत होतं तरी पैसे पाठवले : मॉडेल इंजिनाच्या डिटेलिंगच्या नावाखाली माझे ५९,१०० रुपये गेले

रेल्वे इंजिनाच्या छोट्या मॉडेलची बॉडी बनवून देतो म्हणणाऱ्या एका कारागिराने मला फसवलं. आधी आकडा सांगून टाकतो. रोख गेले २७,६०० आणि माल गेला ३१,५०० चा, एकूण ५९,१०० रुपये. घरात आत्तापर्यंत फक्त बायकोला खरा आकडा माहीत होता, आईला "थोडे अडकलेत" एवढंच सांगितलंय. लिहायची लाज वाटते, पण हाच माणूस अजून दोघातिघांशी याच कामाचं बोलतोय असं कळलं म्हणून लिहितोय.

संगमेश्वरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली तेव्हा मी अकरावीत होतो, आणि वडील मला नुसती गाडी बघायला संगमेश्वर रोड स्टेशनवर न्यायचे. गाडी सुटताना ते आल्को (अमेरिकन कंपनीच्या बनावटीचं डिझेल) इंजिन धडधडत काळा धूर सोडायचं, वडील म्हणायचे बघ आता टर्बो पकडेल, आणि खरंच मग धूर पातळ व्हायचा. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात खिडकी उघडी राहिली तर डब्यात डिझेलचा वास भरायचा, तो वास मला आजही आठवतो. मार्च २०२२ मधे या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं, हळूहळू प्रवासी गाड्यांना विजेची इंजिनं लागली, त्यात वाईट काही नाही. पण वडील गेले, तो आवाज गेला, आणि मला कल्याण शेडच्या डब्ल्यूडीएम-३ए या डिझेल इंजिनाचं एक मॉडेल घरात हवं होतं, जसं मी बघितलं अगदी तसं. हौस आहे माझी, कुणी खेळणं म्हटलं की डोकं फिरतं.

ज्यांना हा छंद आहे त्यांना माहितीये की आपल्या इंजिनाचं एचओ, म्हणजे १:८७ मापाचं मॉडेल हवं तसं मिळणं किती कठीण आहे. म्हणून मी परदेशी बेस शोधला, म्हणजे ज्याच्या चाकं-सांगाड्यावर आपली बॉडी बसवता येईल असं तयार मॉडेल. डब्ल्यूडीएम-२ आणि ३ए ची बोगी (चाकांचा सांगाडा) ट्रायमाउंट, म्हणजे तीन चाकांतलं मधलं चाक बरोबर मधे नसतं, एका बाजूला सरकलेलं असतं, कारण खाली मोटर बसवायची पद्धतच तशी आहे. आल्कोच्याच आरएसडी-५ ला अशीच बोगी आणि लांबीही जवळपास तेवढीच. आपलं इंजिन १७ मीटरच्या आसपास, १:८७ ला साधारण १९७ मिलिमीटर. अमेरिकन एसडी-४० घेतलं तर ते तीन-साडेतीन सेंटिमीटर जास्त लांब आणि तिन्ही चाकं सारख्या अंतरावर. त्यामुळे मी आठ महिने अॅटलस या मॉडेल कंपनीचं जुनं आरएसडी-५ शोधत होतो, शेवटी मस्कतच्या भाच्याने मिळवून दिलं, भाड्यासकट २१,७०० ला. आल्को २५१ या डिझेल इंजिनाचा आवाज भरलेला साउंड डिकोडर (मॉडेलमधून आवाज काढणारं सर्किट) वेगळा घेतला, ९,८०० ला.

चेसिस, वायरिंग, डिकोडर हे मी स्वतः करू शकत होतो. बॉडी मला जमत नाही. लाँग हूड, शॉर्ट हूड (कॅबच्या दोन बाजूंचे लांब आणि आखूड भाग), छतावरचा डायनॅमिक ब्रेकचा उंचवटा, बारीक तारेच्या हँडरेल, दोन्ही टोकांना बफर, कॅटल गार्ड, कॅबवर देवनागरीत शेडचं नाव, हे हातात कला असणाऱ्याचं काम. एका ओळखीच्या हौशी माणसाने नंबर दिला, म्हणाला मुंबईकडचा आहे, काम बघशील तर वेडा होशील.

आता मी भुललो कसा ते ऐका, कारण "तू एवढा शहाणा आणि तुला कळलं नाही?" हे सगळ्यांनी विचारून झालंय. त्या माणसाने पहिल्या फोनवर पैशाचं नावच काढलं नाही. विचारलं काय तर, कपलर सीबीसी (मधोमध जोडणारा) पण बाजूचे बफर ठेवायचे ना, छतावर डायनॅमिक ब्रेक असलेलं हवं की नसलेलं, फ्लॅशर लाइट बसवायच्या आधीचं रूप की नंतरचं. मी गेजचा, म्हणजे रुळांतल्या अंतराचा विषय काढला तर म्हणाला, आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, ते ८७ ने भागलं तर १९ मिलिमीटरच्या वर जातं, पण तुमचा ट्रॅक साडेसोळाचा असेल तर बोगी कापू नका, वाट लागेल. हे बरोबरच आहे. अशी बरोबर उत्तरं देणाऱ्या माणसावर कोण संशय घेणार? मी लॉटरीच्या मेसेजला भुललेलो नाही, मला माझ्याच छंदाच्या भाषेत गंडवलंय.

९ सप्टेंबरला १२,००० अॅडव्हान्स. १४ तारखेला इंजिन आणि डिकोडर कुरिअरने पाठवला, आणि त्याच्याच सांगण्यावरून पावतीवर लिहिलं "प्लास्टिक खेळणं, किंमत ५०० रुपये". जास्त किंमत लिहिली की कुरिअरवाले खोका उघडून बघतात आणि नाजूक भाग मोडतात, असं म्हणाला. पटलं मला. ती पावती पुढे माझ्या गळ्यात आली.

आणि आता तो फोटो.

दिवाळीच्या दोन दिवस आधी, रात्री साडेनऊला, दुकान बंद करून जेवायला बसलो होतो तेव्हा आला. करड्या प्रायमरमधे बॉडी, हँडरेल लागलेल्या, शॉर्ट हूडच्या कडा अशा की हात फिरवावा. खाली मेसेज, "तुमचं इंजिन, आता फक्त रंग. मटेरियलचे ९,५०० टाका म्हणजे सुट्टीत पूर्ण करतो." मी झूम केला. बोगी बघितली. तिन्ही चाकं सारख्या अंतरावर होती. मला दिसलं. हे मी कबूल करतोय, मला दिसलं होतं. ज्या एका चाकासाठी मी आठ महिने घालवले ते चाक तिथे मधोमध होतं, आणि मी जेवणाच्या ताटावर बसून स्वतःलाच समजावलं की फोटो तिरका घेतलाय, लेन्समुळे तसं वाटत असेल, दिवाळीच्या तोंडावर चांगल्या कारागिराला कशाला दुखवा. बायकोने विचारलं, अहो काय झालं, जेवा की. मी म्हटलं काही नाही, मस्त झालंय. आणि तिथेच बसून ९,५०० पाठवले.

एक पट्टी घेऊन मोबाइलच्या स्क्रीनवर ठेवली असती तरी पुरे होतं. रोज दुकानात अर्ध्या मिलिमीटरच्या तारा मोजतो मी. एक प्रश्न विचारला असता, "दादा, मधलं चाक असं का?" तर ९,५०० वाचले असते आणि पुढचेही. हे रात्री झोपू देत नाही. फोटो दुसऱ्याच कुणाच्या परदेशी मॉडेलचा होता, नंतर गूगलवर तोच फोटो टाकून शोधला तर दोन मिनिटांत सापडला.

पुढचं पटकन सांगतो. डिसेंबरात पितळी एच्ड (रसायनाने कोरलेले) भाग कस्टममधे अडकले म्हणून ४,८५०, ११ जानेवारीला परत पाठवायच्या इन्शुरन्सचे १,२५०. मग फोन लागेना, मग माझा नंबर ब्लॉक. कस्टम ड्यूटी कधीच कुणाच्या खाजगी यूपीआयवर भरायची नसते, त्याचा कागद असतो, तो मागा.

२ फेब्रुवारीला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तक्रार नोंदली गेली, पण बावीस दिवस झाले होते, पैसे तोवर पुढे गेलेले. ज्याला कळेल त्याने त्याच तासाला १९३० ला फोन करा, लाज नंतर वाटू द्या. मी ते बावीस दिवस फक्त लाजेत घालवले.

आणि पोलीस ठाणं. दुकान बंद ठेवून चार वेळा गेलो. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्ज वाचणाऱ्याने मोठ्याने वाचला, "रेल्वे इंजिन?" आणि मग, "म्हणजे खेळण्यातलं?" बाकावरचे सगळे हसले. माझा मुलगा बरोबर होता, चौदा वर्षांचा, त्याच्यासमोर. मी मॉडेल, स्केल समजवायला लागलो तर म्हणतात, काका, पावतीवर तुम्हीच ५०० लिहिलंय, मग ३१,५०० कुठून आले? त्यांचं बरोबर आहे की नाही मला माहीत नाही, पण भाच्याची खरेदीची पावती, बँकेचं स्टेटमेंट, सगळं माझ्या हातात होतं, ते कुणी उघडूनही बघितलं नाही. तिसऱ्यांदा सांगितलं हा दिवाणी विषय, तुम्ही काम दिलं त्याने केलं नाही, कोर्टात जा. अहो, काम केलं नाही हे वेगळं आणि दुसऱ्याचा फोटो माझा म्हणून दाखवून पैसे काढले हे वेगळं. ही सरळ फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. चौथ्यांदा म्हणे, तो माणूस राहतो तिथल्या ठाण्यात जा. गुन्हा कुठेही घडो, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, हे मी मोबाइलवर दाखवलं तर "तुम्हीच पोलीस व्हा" असं उत्तर. साडेचार तास बसलो होतो त्या दिवशी, पाणीसुद्धा विचारलं नाही कुणी. बँकेत गेलो तर, व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलाय, आम्ही काय करणार. कुरिअरच्या ऑफिसात, डिलिव्हरीवर सही आहे, विषय संपला. सही कुणाची, कुठल्या नावाने, ते दाखवणार नाहीत, प्रायव्हसी म्हणे. ज्याने चोरलं त्याची प्रायव्हसी जपायची, आणि माझं नाव, पत्ता, मोबाइल अर्जावर तीन टेबलं फिरतंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शेवटी एका वकील मित्राने सांगितलं की ठाण्यात एफआयआर घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवता येतो. तो रजिस्टर पोस्टाने पाठवलाय, पोच आली आहे.

कारागिराला माल पाठवणार असाल तर पावतीवर खरी किंमत लिहा, कुणी काहीही सांगो. पाठवण्याआधी इंजिनाचे सगळीकडून फोटो, खालूनसुद्धा. मधल्या टप्प्याचा फोटो आला की त्याला व्हिडिओ कॉल करा आणि इंजिन उलटं करून दाखव म्हणा, खरा माणूस दाखवेलच. त्याने आधी केलेल्या कामाचा मालक कोण ते विचारा, आणि मालकाशी बोला, फोटोशी नाही. मला नंबर देणाऱ्याने स्वतः कधी त्याच्याकडून काम करून घेतलंच नव्हतं, हे मला फेब्रुवारीत कळलं! आणि मोजा. जे काही माहितीये ते मोजून बघा, चाकांतलं अंतर, लांबी, काहीही.

माझं आरएसडी-५ कुठे विकायला आलं तर ओळखण्यासाठी: इंधन टाकीच्या खालच्या बाजूला सुईने कोरलेली "सं" आणि "१४" अशी खूण आहे, लाँग हूडकडच्या बोगीची डावी साइडफ्रेम पायरीजवळ तुटलेली होती ती मी चिकटवलीय, तिथे पिवळसर रेघ दिसते. डिकोडरच्या स्पीकरच्या वायरी लाल-काळ्या नाहीत, दुकानातल्या हिरव्या जोडल्यात. दिसलं तर विकत घेऊ नका, फोटो काढून ठेवा आणि मला कळवा.