ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची ऑनलाइन आवृत्ती : जुने इंग्रजी वाचणाऱ्यांचा खरा आधार

जुने इंग्रजी साहित्य वाचताना अनोळखी शब्द आला की आपण कोश उघडतो; फसगत होते ती ओळखीच्या शब्दापाशी, कारण त्याचा अर्थ बदलला असेल अशी शंकाच येत नाही. ‘हॅम्लेट’च्या पहिल्या अंकात पित्याच्या भुतामागे निघालेल्या राजपुत्राला त्याचे सोबती रोखतात, तेव्हा मला जो ‘लेट’ (let) करील त्याचेच भूत करीन, असे तो बजावतो. आजचा ‘करू देणे’ हा अर्थ येथे घेतला, तर वाक्य नेमके उलटे होते. ऑक्सफर्डच्या या कोशात ‘लेट’ या क्रियापदाच्या दोन स्वतंत्र नोंदी आहेत, एक मुभा देण्याची आणि दुसरी अडवण्याची. मुळात वेगवेगळे असलेले हे दोन शब्द पुढे उच्चाराने एक झाले. अडवण्याचा ‘लेट’ बोलण्यातून गेला, तरी टेनिसच्या मैदानावर आणि कायद्याच्या भाषेत टिकून राहिला. आपल्या भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावे जी विनंती छापलेली असते, तिच्यातील ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’मधला ‘लेट’ हाच.

या कोशाचे सारे बळ त्याच्या अवतरणांत आहे. जेम्स मरे यांच्या संपादनाखाली १८८४ मध्ये पहिला भाग निघाला आणि १९२८ मध्ये मूळ काम पूर्ण झाले. तेव्हापासूनची पद्धत अशी की, शब्दाचा सर्वांत जुना अर्थ आधी द्यायचा, आणि प्रत्येक अर्थाखाली तो कोणी, कधी वापरला याचे पुरावे सालवार मांडायचे. ‘नाइस’ची नोंद वरून खाली वाचत गेले, की लॅटिनमधील ‘अजाण’ या अर्थाच्या शब्दापासून आलेला हा शब्द आधी ‘मूर्ख’, मग ‘चोखंदळ’, आणि अठराव्या शतकात ‘छान’ कसा झाला, हे डोळ्यांसमोर उलगडते. आज हरणासाठी वापरला जाणारा ‘डिअर’ म्हणजे एके काळी कोणतेही जनावर, ही नोंद वाचताना मराठी वाचकाला संस्कृतातील ‘मृग’ आठवल्याशिवाय राहणार नाही, कारण तोही शब्द वन्य पशूवरून हरणापुरता आक्रसला. ‘शाखामृग’ म्हणजे वानर, हा त्याचा जुना माग.

२००० सालापासून कोश ऑनलाइन आहे आणि दर तीन महिन्यांनी त्यात भर पडते. मात्र सर्व नोंदींची फेरतपासणी अजून झालेली नाही, त्यामुळे एखादी नोंद अद्ययावत तर शेजारची जुन्याच आवृत्तीतली, असे घडते. नोंद कधी सुधारली हे तिथेच दिलेले असते. ते पाहण्याची सवय लावून घ्यावी. दुसरी अडचण उतावळ्या वाचकाची. पहिला अर्थ हाच आजचा, असे समजणाऱ्याची येथे दिशाभूल होईल. खंजिराच्या आकाराची खूण असलेले अर्थ आज वापरात नाहीत, एवढे आधी लक्षात ठेवावे.

जुन्या काळावर कादंबरी लिहिणाऱ्यांनी किंवा भाषांतर करणाऱ्यांनी यातील ऐतिहासिक पर्यायकोश आवर्जून पाहावा. ग्लासगो विद्यापीठात १९६५ मध्ये सुरू झालेले हे काम २००९ मध्ये ग्रंथरूपाने आले आणि नंतर या कोशाला जोडले गेले. एखाद्या कल्पनेसाठी कोणत्या शतकात कोणते शब्द चालत होते, हे त्यात सापडते. माझ्या मते वर्गणीचे पैसे एवढ्यानेच वसूल होतात.

वर्गणी मात्र आपल्याकडच्या एकट्यादुकट्या वाचकाला जड जाणारी आहे, आणि तिच्याविना अवतरणांचा पूर्ण पट दिसत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. केवळ व्युत्पत्ती हवी असेल, तर ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ हे विनामूल्य संकेतस्थळ पुष्कळदा पुरते. विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने वर्गणी भरली आहे का, हे आधी विचारावे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना तेथील अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभासदपत्रावर हा कोश घरबसल्या उघडता येतो.