सोसायटीच्या गच्चीवर काय: सोलर हीटर की सोलर पॅनेल?

मानपाड्याच्या आमच्या सोसायटीत सात मजले आणि २८ बिऱ्हाडं आहेत. बिल्डरने ताबा देताना गच्चीवर २,००० लिटरचा सोलर हीटर बसवून दिला होता. गेल्या दिवाळीपर्यंत त्याच्या अर्ध्या नळ्या निकामी झाल्या होत्या, पाणी फिरवणारा पंप बंद होता आणि टाकीच्या बुडातून थेंब थेंब गळत होतं. सर्वसाधारण सभेत प्रश्न निघाला की हाच हीटर नवा करायचा, की तो काढून त्या जागी विजेचे पॅनेल बसवायचे? कमिटीत असल्यामुळे हिशोब माझ्याकडे आला. तीन-चार महिने कोटेशनं, मीटर आणि बादल्या मोजून जे कळलं ते इथे मांडतोय. ठाणे-नवी मुंबईत असाच जुना हीटर आणि अशीच गच्ची असलेल्या सोसायट्या पुष्कळ आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा प्रश्न माझ्यासाठी फक्त मेंटेनन्सचा नाही. आपल्या घरात येणारी वीज अजूनही मुख्यतः कोळशाची आहे. देशाच्या ग्रीडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने दगावली, ती जागा आमच्यापासून तासाभरावर आहे. मे महिन्यात रात्री बारा वाजताही भिंती गरम लागतात आणि इमारतीचे सगळे एसी सुरू असतात. गच्चीवर पडणारं ऊन वाया जातंय हे मला मनापासून खटकतं. म्हणूनच ते कशासाठी वापरायचं याचा हिशोब नीट व्हावा असं वाटलं.

जागेच्या हिशोबात हीटर पुढे

हे ऐकून सभेत बऱ्याच जणांना आश्चर्य वाटलं. १०० लिटरच्या हीटरला साधारण २ चौरस मीटर जागा लागते. चांगल्या उन्हात तो पाणी ३० अंशांनी तापवतो, म्हणजे दिवसाला साडेतीन युनिटांइतकी उष्णता देतो. तेवढ्याच जागेतले पॅनेल जेमतेम पावणेदोन युनिट वीज करतात. उन्हातून उष्णता घेणं सोपं आहे, वीज काढणं अवघड आहे. त्यामुळे गच्ची लहान असेल आणि गरम पाणी रोज पुरेपूर वापरलं जात असेल, तर हीटरला तोड नाही.

खरी अडचण ‘पुरेपूर वापरलं जात असेल’ या अटीत आहे. आमच्याकडे पुणे-नाशिकसारखी थंडी नाही. नळाचं पाणी वर्षातले बरेच महिने २५-२७ अंशांवर असतं. २० लिटरची बादली अंघोळीइतकी, म्हणजे ४० अंशांपर्यंत कोमट करायला पाव युनिटाच्या जरा वर उष्णता पुरते आणि हिवाळ्यात अर्ध्या युनिटाच्या आत. चार माणसांच्या घरात गीझर धरला तरी दिवसाला दीड युनिटाच्या आत भागतं. अख्ख्या इमारतीचे मिळून झाले ३५-४० युनिट. आमचा हीटर मात्र कागदावर ७० युनिटांची उष्णता देणारा. उरलेलं गरम पाणी टाकीत निवत राहतं, कारण ते दुसऱ्या कुठल्या कामाला येत नाही.

मे महिन्यात तर अर्धी इमारत कोकणात गेलेली असते. ऊन सगळ्यात कडक, आणि गरम पाणी कुणालाच नको. त्याच महिन्यात पॅनेल भरपूर वीज करतात आणि न वापरलेलं प्रत्येक युनिट नेट मीटरमधून महावितरणच्या लाइनवर जाऊन आपल्या खात्यावर जमा होतं. जून ते सप्टेंबर ढगांमुळे उत्पादन पडलं की तीच जमा युनिटं बिलातून वळती होतात. जमेचा हिशोब ३१ मार्चला संपतो आणि तेव्हा उरलेल्या युनिटांना आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी दर मिळतो. म्हणून वापरापेक्षा मोठा प्लांट लावण्यात अर्थ नाही. पण एप्रिल-मेची बेगमी पावसाळ्याला पुरते, आणि आपल्या हवेत हा फार मोठा फायदा आहे. हीटरमधलं पाणी फार तर दुसऱ्या दिवशीपर्यंत कोमट राहतं.

तिसऱ्या मजल्यावरची बादली

एका सकाळी साडेसहाला आमच्याच मोरीत मोजून पाहिलं. गरम पाण्याचा नळ सोडला आणि खाली बादली धरली. हाताला ऊब लागेपर्यंत १५ लिटरची बादली जवळपास भरली होती. गच्चीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या पाइपातलं रात्रभर गार झालेलं पाणी आधी येतं. पंप आणि परतीचा पाइप धड असेल तर हे टळतं, पण तो पंपही वीज खातो आणि आमचा तर बंदच होता. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी कधीच नाद सोडून गीझर लावले होते. हीटरच्या दुरुस्तीचा खर्च मात्र सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जात होता. सातव्या मजल्यावरच्या काकूंना नळ सोडताच कढत पाणी मिळायचं, त्यामुळे हीटर बंद करायला त्यांचा जोरदार विरोध. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं.

घोडबंदर रस्त्याच्या सोसायट्यांना आणखी एक त्रास आहे. टँकर आणि बोअरवेलचं जड पाणी हीटरच्या नळ्यांत आणि टाकीत क्षाराचे थर धरतं. आमची काढलेली एक नळी उभी फोडून पाहिली, तर आत पांढऱ्या चुन्याचं कवच होतं, नखाने खरवडूनही निघत नव्हतं. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी आहे. नेरूळला माझी बहीण राहते, तिच्या सोसायटीचा तेवढाच जुना हीटर अजून बरा चालतो. हीटर नवा करणार असाल तर आधी पाण्याचा जडपणा तपासून घ्या, मग कोटेशन मागवा.

पॅनेलचं दुखणं म्हणजे धूळ. महामार्ग किंवा बांधकाम जवळ असेल तर दोन आठवड्यांत काचेवर थर बसतो आणि उत्पादन उतरतं. सकाळी पॅनेल तापायच्या आत साध्या पाण्याने आणि मऊ पुसणीने धुवावे लागतात. वाशी, ऐरोली, बेलापूरकडे खाडीच्या खाऱ्या वाऱ्यासाठी लोखंडी सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलाच घ्या. नुसता रंग मारलेला सांगाडा गंजतो.

बचत कुणाच्या खिशात जाते

आमच्या सभेत सगळ्यात जास्त वेळ यावर गेला, आणि तो जायलाच हवा होता. हीटरमुळे वाचतं ते प्रत्येक घराचं वीज किंवा गॅसचं बिल, तेही गरम पाणी पोहोचतं त्याच घरांचं. पॅनेल सोसायटीच्या सामाईक मीटरवर बसतात, म्हणजे लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे यांचं बिल कमी होतं आणि फायदा मेंटेनन्समधून सगळ्यांना मिळतो. घराघरातल्या मीटरचं बिल त्यामुळे एका रुपयानेही उतरत नाही. ‘पॅनेल लागले की आमचं बिल शून्य’ असं समजून हात वर करणारे सभासद असतात, त्यांना हे आधीच सांगावं. आमच्या सभेत उशिरा सांगितलं आणि अर्धा तास रुसव्यात गेला.

महावितरणच्या घरगुती दराला स्लॅब, म्हणजे वापरानुसार चढते टप्पे आहेत आणि वरच्या स्लॅबचं युनिट पहिल्या १०० युनिटांच्या दुपटीहून महाग पडतं. आमचा सामाईक वापर महिन्याला ११५० युनिट, म्हणजे बहुतेक वापर महागड्या स्लॅबमध्येच. पॅनेलची वीज आधी हेच महाग युनिट खाते. हीटर एकेका घरातले महिन्याला ३५-४० युनिट वाचवतो, पण साध्या वापराच्या घरात ते मधल्या स्लॅबमधले असतात. रुपयांत पॅनेल पुढे जातात ते मुख्यतः इथे.

आमची आलेली कोटेशनं सांगतो. हीटर पूर्ण बदलायला ४ लाख १० हजार, पाइप वेगळे. हीटरला केंद्राचं अनुदान आता नाही. १० किलोवॅटचे पॅनेल उंच सांगाड्यासह ६ लाख ४० हजार. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे आमचे १ लाख ८० हजार कमी. उरलेले ४ लाख ६० हजार आमच्या बिलावरून तीन वर्षांच्या आसपास वसूल होतात. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले हवेत आणि ठेकेदार योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला हवा. आम्हाला एकाने स्वस्त आयात पॅनेल दाखवून ‘अनुदानाचं नंतर बघू’ म्हटलं होतं. लेखी मागितल्यावर तो परत आला नाही. सामाईक मीटरचा मंजूर भारही (महावितरणने मंजूर केलेली किलोवॅटची मर्यादा) आधी पाहा, पॅनेलची क्षमता त्याच्या आत बसवावी लागते.

सोसायटीकडे निधी नसेल तर रेस्कोचा मार्ग आहे. कंपनी स्वतःच्या पैशाने पॅनेल लावते आणि तुम्ही ठरलेल्या दराने पंधरा-वीस वर्षं वीज घेता. निधी असेल तर स्वतःचे लावा. लांबच्या करारात इमारत पुनर्विकासाला गेली की त्रांगडं होतं. वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको इमारतींनी तर आधी स्ट्रक्चरल ऑडिट आणि पुनर्विकासाचं वारं पाहावं. पॅनेल उतरवून दुसरीकडे नेता येतात, हीटरचे भिंतीत गाडलेले पाइप नेता येत नाहीत. वजनाचंही तसंच. भरलेली टाकी एका जागी दोन टन पाणी घेऊन बसते. आमचे १९ पॅनेल प्रत्येकी ३० किलोच्या आसपास आणि भार गच्चीभर वाटलेला. गळतीला घाबरणाऱ्या सातव्या मजल्यासाठी स्लॅबला भोक न पाडता सिमेंटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करायचं ठरलं. असा सांगाडा वादळी वाऱ्याला टिकेल याचा हिशोब मात्र इंजिनिअरच्या सहीने घ्या. जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्याकडचे पत्रे कसे उडाले ते सगळ्यांनी पाहिलंय.

लाइट गेल्यावर काय होतं हेही विचारून घ्या. बॅटरी नसलेला प्लांट वीज जाताच स्वतः बंद होतो, खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. भर उन्हातही पॅनेलवर लिफ्ट चालणार नाही. त्यासाठी जनरेटर किंवा बॅटरी वेगळी लागते, आणि सोसायटीला बॅटरीचा खर्च मला पटला नाही. पंपाशिवायचा हीटर या बाबतीत सरस आहे. टाकीतलं गरम पाणी विजेविना उतरतं.

हवेच्या दृष्टीने

१० किलोवॅट म्हणजे वर्षाला १४,००० युनिटांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ १० टन कार्बन डायऑक्साइड कमी. आकडा मोठा वाटतो, पण इथेच मी स्वतःला थांबवून दुसऱ्यांदा हिशोब केला. समजा हीटर उत्तम चालतोय, २८ घरं तो वापरताहेत आणि तो काढून पॅनेल लावले. मग २८ गीझर सुरू होणार, दिवसाला ३५-४० युनिट नव्याने खर्च होणार. पॅनेल देणार ४०. म्हणजे पैसे गेले आणि हवेचं जवळपास काहीच भलं झालं नाही. चालू हीटर उपटून पॅनेल लावणाऱ्या सोसायटीला मी हात जोडून सांगेन की तो राहू द्या आणि पॅनेल उरलेल्या गच्चीत बसतात का ते पाहा. पण हीटर आमच्यासारखा मेलेला असेल आणि लोकांनी गीझर कधीच लावले असतील, तर नव्या हीटरवर चार लाख घालण्याऐवजी ते पॅनेलमध्ये घाला. पार्किंगमध्ये ई-गाड्या वाढताहेत, त्यांच्या चार्जिंगची वीज सामाईक मीटरवरच येणार आहे. अंघोळीचं पाणी तेवढंच राहील, विजेचा वापर वाढतच जाईल.

नेरूळ-सानपाड्याच्या रो-हाऊसवाल्यांना हा वाद फारसा लागू नाही. पाइप लहान, मीटर स्वतःचं. छोटा हीटर आणि ३ किलोवॅटचे पॅनेल दोन्ही बसतात, पॅनेलला अनुदान ७८,००० रुपयांपर्यंत मिळतं.

काहीही ठरवण्याआधी डिसेंबरात गच्चीवर जा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावल्यांचे फोटो काढा. डिसेंबरात दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, सावली उंचीइतकीच लांब पडते. पॅनेलच्या एका ओळीवर शेजारच्या टॉवरची नुसती पट्टी पडली तरी ती अख्खी ओळ मंदावू शकते. दक्षिणेच्या प्लॉटवर नवी इमारत येणार आहे का, हे महापालिकेत जाऊन पाहा.

आमच्या सभेत शेवटी असं ठरलं: जुनी टाकी उतरवायची, १९ पॅनेल दक्षिणेकडे. सातव्या मजल्याच्या चार घरांनी स्वखर्चाने ४०० लिटरचा छोटा हीटर लिफ्टच्या खोलीच्या छपरावर घ्यायचा, कारण त्यांचा पाइप जेमतेम दहा फुटांचा आहे. काकूंनी स्वतःच चारही घरांच्या सह्या गोळा करून आणल्या.