क्लेरमाँट की फाइव्ह कॉलेजेस?

बारावीनंतर अमेरिकेतलं छोटं कॉलेज शोधणाऱ्यांच्या यादीत दोन कॉलेजसमूह हमखास येतात: कॅलिफोर्नियातलं क्लेरमाँट आणि मॅसॅच्युसेट्समधलं ‘फाइव्ह कॉलेजेस’. दोन्हीकडे प्रवेश एकाच कॉलेजात घ्यायचा, पण जादा फी न भरता शेजारच्या कॉलेजांतले विषयही निवडता येतात. माहितीपत्रकांत दोन्ही सारखेच दिसतात. खरा फरक पडतो तो अंतराने.

क्लेरमाँटला पोमोना, स्क्रिप्स, क्लेरमाँट मकेना, हार्वी मड आणि पिट्झर ही पाच पदवी कॉलेजं एकमेकांना खेटून उभी आहेत. 1920च्या दशकात पोमोनाचे अध्यक्ष जेम्स ब्लेसडेल यांनी ऑक्सफर्ड डोळ्यासमोर ठेवून ठरवलं की आहे ते कॉलेज फुगवायचं नाही, शेजारी नवी छोटी कॉलेजं काढायची. आज मुख्य ग्रंथालय, दवाखाना, सुरक्षा हे सगळं एक स्वतंत्र सेवासंस्था सांभाळते. प्रवेश, पदवी आणि प्राध्यापकांच्या नेमणुका मात्र ज्याच्या त्याच्याकडे. सकाळचं लेक्चर मडला, पुढचं पोमोनाला आणि जेवण स्क्रिप्सच्या मेसमध्ये, हे चालत जाऊन सहज जमतं.

फाइव्ह कॉलेजेसमध्ये अ‍ॅमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक, हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचं अ‍ॅमहर्स्ट संकुल. 1965 साली त्यांची सामाईक संस्था झाली. स्मिथ नॉर्दम्प्टनला, माउंट होल्योक साउथ हॅडलीला. अ‍ॅमहर्स्ट गावापासून दोन्ही दहा-पंधरा किलोमीटरवर. विद्यार्थ्यांना बस फुकट आहे, पण एका लेक्चरपायी अर्धी दुपार जाते, आणि हिवाळ्यात वर बर्फ. त्या बदल्यात मोठ्या सरकारी विद्यापीठाचा विषयांचा पसारा हाताशी येतो, जो क्लेरमाँटला नाही. खगोलशास्त्र आणि नृत्य तर पाचही संस्था मिळून चालवतात.

पैशाचं गणित समूहाचं नसतं, कॉलेजचं असतं. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली म्हणून अ‍ॅमहर्स्ट कॉलेज प्रवेशाचा निर्णय बदलत नाही; पोमोना मदत देतं, पण निवड करताना ती मागणी विचारात घेतं. शेजारी श्रीमंत असले तरी तिजोऱ्या वेगळ्याच: 2019 मध्ये हॅम्पशायरला पैशांअभावी नवी पूर्ण तुकडी घेता आली नव्हती.

रोज दोन कॉलेजांत शिकायचं असेल तर माझं मत क्लेरमाँटला. सत्रात एखादाच बाहेरचा विषय पुरणार असेल, तर फाइव्ह कॉलेजेस. फक्त संगणकशास्त्रासारख्या गर्दीच्या विषयात पहिली जागा घरच्या विद्यार्थ्याला मिळते, त्यामुळे मुख्य विषय शेजाऱ्याच्या भरवशावर ठेवू नका.