छोटा हत्ती की मोठी पिकअप? नागपुरात गाडी घेणाऱ्यांसाठी केबिनचा तुलनात्मक आढावा

मालवाहू गाडी घ्यायला निघालेला माणूस वजन किती घेते, ॲव्हरेज किती देते आणि हप्ता किती बसतो, एवढे तीन प्रश्न हमखास विचारतो. केबिनचे परीक्षण मात्र दार दोनदा आपटून आणि स्टिरिओ लावून उरकले जाते. वस्तुतः चालकाचे रोजचे आठ-दहा तास त्याच केबिनमध्ये जातात, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात त्या तासांचा हिशेब चालकाच्या अंगावर निघतो. म्हणून या आढाव्यात भारवहन आणि किंमत बाजूला ठेवून केवळ केबिनच्या आरामाची तुलना केली आहे. एका बाजूला पाऊण ते सव्वा टनाच्या आसपास माल नेणाऱ्या हलक्या गाड्या आहेत. ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाणारी टाटा एस, तिच्यापेक्षा थोडी मोठी इंट्रा आणि अशोक लेलँडची दोस्त या त्यांतल्या ठळक. दुसऱ्या बाजूला दीड ते दोन टनांच्या भारी पिकअप आहेत, म्हणजे महिंद्राची बोलेरो पिकअप, तिचीच मॅक्स एचडी मालिका आणि टाटाची योद्धा.

अमेरिकेत हलक्या आणि भारी पिकअपचा अर्थ वेगळा आहे, तरी तिथली एक गोष्ट इथे उपयोगाची आहे. फोर्डने २०१७ पासून आपल्या भारी सुपर ड्यूटी पिकअपला हलक्या एफ-१५० चीच केबिन दिली. बसायची जागा तीच, दारे तीच, तरीही दोन्ही गाड्या चालवताना अंगाला वेगळ्या लागतात, कारण केबिनखालची चौकट, आस आणि स्प्रिंग वेगळे आहेत. आपल्याकडेही आराम शोधायचा तर सीटच्या कापडापेक्षा सीटखाली काय आहे, ते आधी पाहावे लागते.

हलक्या गाडीत सीटखाली बहुधा इंजिन असते. टाटा एस आणि दोस्त या दोन्ही गाड्यांमध्ये ते तिथेच आहे, आणि बोलेरो पिकअप व योद्धा यांमध्ये ते पुढे, बॉनेटखाली आहे. आरामाच्या दृष्टीने दोन गटांतला सर्वांत मोठा फरक हाच आहे, असे माझे मत आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत कळमना बाजाराच्या रांगेत गाडी सुरू ठेवून अर्धा तास उभे राहिल्यास इंजिनाची धग सीटच्या तळातून वर येते, आणि रेक्झिनची सीट असेल तर पाठ व मांड्या अक्षरशः भाजून निघतात. कंपनीने तळाशी उष्णतारोधक अस्तर आणि झाकणाभोवती रबरी पट्टी दिलेली असते, पण ऑइल पाहण्यासाठी सीट वारंवार उचलली जाते आणि काही काळाने ती पट्टी कडेने सुटते किंवा दबून चपटी होते. मग त्या फटीतून गरम हवेबरोबर डिझेलचा वासही आत येऊ लागतो. जुनी हलकी गाडी घेणाऱ्याने सीट उचलून ही पट्टी बोटाने चाचपून पाहावी. नवी पट्टी स्वस्तात मिळते आणि तिने पडणारा फरक महागड्या सीट कव्हरनेही पडत नाही.

बॉनेटवाल्या गाडीत इंजिन आणि चालक यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते, त्यामुळे धग पायांपर्यंत पोहोचली तरी पाठीपर्यंत येत नाही. आवाजाचेही तसेच आहे. २००५ मध्ये आलेल्या मूळ टाटा एसचे डिझेल इंजिन दोन सिलिंडरचे आणि ७०२ सीसीचे होते. दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन आयडलिंगला थरथरते आणि ती थरथर सीट, स्टीअरिंग आणि आरशापर्यंत जाणवते. बोलेरो पिकअपचे अडीच लिटरचे चार सिलिंडरी इंजिनही काही शांत म्हणता येणार नाही, पण त्याचा आवाज बाहेरून येतो आणि निम्न गतीला अंग हलवत नाही. या एकाच मुद्द्यावर हलक्या गाडीचा बचाव करायचा असेल तर तो एसच्या विजेवरील आवृत्तीने होतो. तिच्यात ना धग, ना थरथर. शहरातल्या शहरात ठरावीक फेऱ्या असतील, तर तिचा विचार जरूर करावा.

एसीचा प्रश्न कायद्याशी जोडलेला आहे आणि त्याबाबत बाजारात बराच गोंधळ दिसतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या एन२ आणि एन३ गटांतील मालवाहू वाहनांची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक आहे. हे खाते नागपूरचेच खासदार नितीन गडकरी यांच्याकडे असल्याने ‘आता सगळ्या गाड्यांना एसी’ अशी समजूत इथे लवकर पसरली. परंतु एन२ गट सुरू होतो तो मालासह एकूण वजन ३,५०० किलोच्या वर गेल्यावर. त्याखालच्या एन१ गटाला ही सक्ती लागू नाही. छोटा हत्ती आणि दोस्त तर त्या मर्यादेच्या बऱ्याच आत येतात. दीड टनाच्या पिकअपही सहसा आतच राहतात. दोन टन माल नेणारी गाडी मात्र स्वतःचे वजन धरून ही सीमा ओलांडू शकते. म्हणजे कायद्याची रेघ पिकअपच्या गटाच्या मधूनच जाते, आणि केवळ ‘भारी’ गाडी घेतली म्हणून एसी हक्काने मिळेल असे नाही. कोटेशनवर एकूण वजनाचा आकडा आणि त्या व्हेरिएंटच्या यादीत एसीचा स्पष्ट उल्लेख, या दोन्ही गोष्टी लेखी पाहिल्याशिवाय बुकिंगची रक्कम भरू नये.

एसी असला तरी तो दोन्ही गटांत सारखा उपयोगी पडत नाही. लहान इंजिनाची बरीचशी ताकद माल ओढण्यातच खर्च होते, तिथे कॉम्प्रेसरचा भार पडला की उड्डाणपुलाच्या चढावर चालक स्वतःच एसी बंद करतो. अडीच लिटरच्या इंजिनाला तो भार जाणवतो, पण झेपतो. शिवाय इतवारी, मस्कासाथ किंवा गांधीबागेत दुकानोदुकानी माल उतरवायचा असेल, तर दार दर पाच-दहा मिनिटांनी उघडते आणि केबिन थंड व्हायला वेळच मिळत नाही. तिथे एसीपेक्षा चांगला ब्लोअर, हलक्या रंगाचे सीट कव्हर आणि छताला आतून लावलेले अस्तर यांचा उपयोग अधिक होतो. काटोल, नरखेड किंवा वर्ध्याच्या रस्त्यावर तासभर सलग चालणाऱ्या गाडीत चित्र उलटे होते. नवतपात काचा उघड्या ठेवल्या तर आत येणारा वारा थंड नसतो, ती लू असते. तोंडाला दुपट्टा गुंडाळून गाडी हाकणाऱ्या चालकाला विचारले तर तो हेच सांगेल. ऊन अडवण्यासाठी काचांवर काळी फिल्म चढवण्याचा मार्ग मात्र धरू नये. नियमानुसार पुढच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे, आणि चौकाचौकांत होणाऱ्या दंडाने ती फिल्म महाग पडते.

धक्क्यांचा विषय सर्वांत जास्त गैरसमजाचा आहे. मोठी गाडी म्हणजे मऊ गाडी, असे गृहीत धरून अनेक जण भारी पिकअप घेतात. वास्तविक तिच्या मागच्या आसावरचे पाटे, म्हणजे पट्ट्यांचे स्प्रिंग, दीड-दोन टन मालासाठी बनवलेले असतात, म्हणूनच रिकाम्या गाडीखाली ते जवळजवळ वाकतच नाहीत. माल भरलेला असताना हीच गाडी खड्डा पोटात घेते आणि चालकाला फारसे जाणवू देत नाही. माल उतरवून परत निघाली की मागचा भाग उसळू लागतो आणि प्रत्येक उसळी सीटमार्गे कमरेत जाते. संत्र्याच्या हंगामात ही परीक्षा रोज होते. काटोलकडून कळमन्याला येताना हौदा भरलेला असतो, परतताना बहुधा रिकामा किंवा फक्त क्रेट लादलेला. म्हणजे निम्मे अंतर गाडी अशा अवस्थेत धावते, ज्या अवस्थेसाठी तिचे पाटे बनलेलेच नाहीत. त्यात भरल्या गाडीसाठी ठेवलेला टायरचा दाब परतीच्या फेरीतही तसाच असतो, त्यामुळे रस्ता आणखी कडक लागतो.

तरीही रिकाम्या अवस्थेत हलकी गाडी बाजी मारते असे समजू नये. तिचे पाटे तुलनेने मऊ असतात हे खरे, पण तिच्या अडचणी निराळ्या आहेत. टाटा एसच्या दोन आसांमधले अंतर अवघे २,१०० मिलिमीटर आहे, तर मोठ्या पिकअपमध्ये ते तीन मीटरच्या पुढे जाते. आसांमधले अंतर कमी असले की गतिरोधकावरून जाताना गाडी पाळण्यासारखी पुढे-मागे डुलते आणि मान सतत झटके खाते. तिची १२ इंची चाके ज्या खड्ड्यात पूर्ण उतरतात, त्याच खड्ड्यावरून पिकअपची १५ इंची चाके बऱ्याच अंशी तरून जातात. त्यातून हलक्या गाडीत चालक पुढच्या चाकांच्या अगदी जवळ बसतो, म्हणून पुढचा धक्का त्याच्यापर्यंत थेट पोहोचतो. बॉनेटवाल्या गाडीत तो चाकांच्या मागे, गाडीच्या मधल्या भागाकडे बसतो. शहरातल्या सिमेंट रस्त्यांवर दोघींमधला हा फरक थोडाच जाणवतो. वस्तीकडे जाणाऱ्या कच्च्या पांदण रस्त्यावर तो लख्ख दिसतो, आणि तिथे भरलेली पिकअप पहिली, रिकामी पिकअप आणि हलकी गाडी जवळपास बरोबरीत, असा माझा क्रम लागतो.

बसण्याच्या जागेबाबत भारी पिकअप सरस आहे. एसची एकूण रुंदी दीड मीटर आहे, म्हणजे दारे आणि पत्रा वगळता आत दोन धिप्पाड माणसांचे खांदे एकमेकांना टेकतात. मोठ्या पिकअपमध्ये चालक आणि दोन हमाल बसू शकतात, मात्र मधल्या माणसाचे गुडघे गिअरच्या दांड्यापाशी येतात आणि प्रत्येक गिअरला त्याला पाय सावरावे लागतात. नोंदणीपत्रावर किती जणांची परवानगी आहे, हेही पाहून घ्यावे. बोलेरो मॅक्समध्ये चालकाची सीट वर-खाली करता येते. उंचीने कमी असलेल्या चालकाला दिवसभर क्लच दाबताना तिचा मोठा आधार होतो. इंट्रामध्ये गिअरचा दांडा डॅशबोर्डवर असल्याने दोन सीटमधली जागा मोकळी राहते. ही सोय दिसायला किरकोळ वाटते, पण रहदारीच्या रस्त्यावर उजवीकडचे दार उघडणे धोक्याचे असते, तेव्हा चालक डावीकडे सरकून फुटपाथच्या बाजूने उतरू शकतो. दुपारी बाजारात माल खाली होईपर्यंत आडवे व्हायचे असेल, तरी मध्ये दांडा नसलेली केबिनच कामी येते. सीटची पाठ फार मागे कलण्याची अपेक्षा मात्र दोन्ही गटांत ठेवू नये, कारण पाठीमागे लगेच केबिनची भिंत असते.

चढ-उताराचा हिशेब हलक्या गाडीच्या बाजूने जातो. तिची पायरी कमी उंचीची असते, दिवसात चाळीस वेळा उतरून फाळका उघडायचा असेल तर गुडघ्यांना हे फार महत्त्वाचे आहे. वळण्याच्या बाबतीत इतवारीच्या बोळांत तिला तोड नाही. पिकअप जिथे तीनदा मागे-पुढे करावी लागते तिथे ती एका दमात फिरते. फक्त स्टीअरिंग पॉवरचे आहे की साधे, हे व्हेरिएंटनिहाय विचारावे. भरल्या गाडीत साधे स्टीअरिंग जागच्या जागी फिरवताना संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात.

समृद्धी महामार्गाने नियमित जाणाऱ्यांसाठी फार चर्चेची गरज नाही. मालवाहू वाहनांना तिथे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे आणि त्या गतीला पिकअपचे इंजिन निवांत चालते, तर छोट्या हत्तीला ती गाठतानाच धाप लागते. शिवमडक्यापासून पुढे मोकळ्या माळावर आडवा वारा सुटला की हलकी, उंच बांध्याची गाडी बाजूला ढकलली जाते आणि चालकाला स्टीअरिंग सतत धरून ठेवावे लागते.

तेव्हा शहराच्या आत, थोड्या वजनाच्या आणि अनेक थांब्यांच्या कामासाठी पॉवर स्टीअरिंग असलेली इंट्राच्या जातीची गाडी घ्यावी, असा माझा स्पष्ट कल आहे. बुटीबोरी, हिंगणा, काटोल किंवा त्यापलीकडे रोज जाणाऱ्याने बॉनेटवाली पिकअप आणि तीही एसीसह घ्यावी. परतीचे भाडे मिळण्याची शक्यता नसेल आणि माल सव्वा टनाच्या वर क्वचितच जात असेल, तर दोन टनांच्या गाडीऐवजी त्याच मालिकेतील कमी क्षमतेचे मॉडेल पाहावे. केबिन साधारण तीच मिळते आणि मागचे पाटे कमी कडक असतात. चाचणीसाठी शोरूमकडे सकाळची नव्हे तर दुपारी दोनची वेळ मागावी, जो चालक ती गाडी चालवणार आहे त्यालाच स्टीअरिंगवर बसवावे, आणि वाडीच्या बाजूला अर्धा तास रिकामी गाडी फिरवून आणल्यानंतर इंजिन सुरू ठेवूनच त्याला आणखी दहा मिनिटे केबिनमध्ये बसून राहायला सांगावे.