सांगलीतील पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम : पदवीच्या अटी आणि प्रत्यक्ष शिक्षण

बारावीनंतर मुलाला किंवा मुलीला वकिलीकडे पाठवायचे ठरले की तासगाव, पलूस, जत, कवठेमहांकाळ या भागांतील पालक पहिली चौकशी करतात ती शुल्काची आणि एसटीच्या पासाची. ही चौकशी रास्तच आहे. मात्र ज्या अभ्यासक्रमाला पाच वर्षे द्यायची, त्याची पदवी कोणत्या अटींवर मिळते आणि महाविद्यालय त्या अटी किती मनापासून पाळून घेते, हे क्वचितच विचारले जाते. सांगलीतील एका विधी महाविद्यालयातून बी.ए. एलएल.बी. पूर्ण करून आज मी विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात ज्युनिअर म्हणून काम करते, आणि या अभ्यासक्रमाने काय दिले व काय दिले नाही हे मला रोजच्या कामात जाणवते. महाविद्यालयाचे नाव येथे देत नाही. माझे मत आधीच सांगते : अभ्यासक्रमाची आखणी उत्तम आहे, सैद्धान्तिक विषयांचे अध्यापन समाधानकारक होते, आणि ज्या चार प्रात्यक्षिक पेपरांवर वकिलाचे पुढचे काम उभे राहते, नेमके तेच सर्वांत हलक्या हाताने घेतले गेले.

प्रवेशाचे थोडक्यात. वकिली आणि विधी शिक्षणाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावीत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागास वर्गाला ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण आवश्यक आहेत. त्याशिवाय राज्य सीईटी कक्षाची विधी प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि ती मराठीतूनही देता येते. ‘तीन वर्षांनी सोडले तरी बी.ए. हातात राहील’ असे काही पालक गृहीत धरतात, परंतु या एकत्रित अभ्यासक्रमातून मधेच बाहेर पडून एक पदवी सुटी घेण्याची मुभा नियमांत नाही. त्यामुळे निर्णय पाच वर्षांचा आहे, हे समजूनच अर्ज भरावा.

इंग्रजी, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांसारख्या कला शाखेच्या विषयांबरोबर कायद्याचे वीस अनिवार्य विषय, चार प्रात्यक्षिक पेपर आणि किमान सहा ऐच्छिक पेपर, असा या पदवीचा पट आहे. करार, अपकृत्य, संविधान, कौटुंबिक कायदा, मालमत्ता हस्तांतरण, पुरावा, दिवाणी प्रक्रिया, कंपनी, कर, पर्यावरण, कामगार असे जवळजवळ सगळे क्षेत्र त्यात येते. आमच्याकडे संविधान आणि पुराव्याचा कायदा हे दोन विषय फार चांगले शिकवले गेले. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध का सिद्ध करता येत नाही, हे आमच्या अध्यापकांनी कलम पाठ करून न घेता, फौजदार, आरोपी आणि न्यायाधीश या तिघांच्या जागी आम्हाला उभे करून समजावले होते, आणि ते आजही जसेच्या तसे आठवते.

फौजदारी कायद्याच्या बाबतीत आमच्या तुकडीची मोठी ओढाताण झाली, तिचा दोष मात्र मी कोणालाही देणार नाही. १८६० ची भारतीय दंड संहिता शिकून झाल्यावर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. खुनाच्या शिक्षेचे ३०२ कलम १०३ झाले, फसवणुकीचे ४२० कलम ३१८ मध्ये गेले. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू असल्याने न्यायालयात आज दोन्ही पुस्तके टेबलावर लागतात. आमच्या महाविद्यालयाने त्या वेळी जुन्या-नव्या कलमांचा तुलनात्मक तक्ता करून शनिवारी जादा तास घेतले. हे त्यांचे काम मनापासून कौतुक करण्याजोगे आहे.

आता त्या चार पेपरांकडे वळते. मसुदालेखन व हस्तांतरणलेख, व्यावसायिक नीती, पर्यायी वादनिवारण, आणि मूट कोर्ट (म्हणजे सरावासाठी चालवलेला काल्पनिक खटला) व इंटर्नशिप असे हे पेपर आहेत. मसुदालेखनाच्या पेपरात दावा, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), अर्ज, अपील यांसारख्या मसुद्यांचे पंधरा आणि खरेदीखत, गहाणखत, मृत्युपत्र यांसारख्या लेखांचे पंधरा अशी तीस लेखनकार्ये असतात. प्रत्येक गटाला ४५ गुण आणि तोंडी परीक्षेला १० गुण अशी विभागणी आहे. नियम करणाऱ्यांचा हेतू उघड आहे : विद्यार्थ्याने तीस वेळा हाताने लिहावे, तीस वेळा चुकावे आणि तीस वेळा दुरुस्त करून घ्यावे. प्रत्यक्षात वरच्या वर्गातील जर्नल खाली यायचे आणि सबमिशनच्या आदल्या रात्री त्याची नक्कल व्हायची. त्या जर्नलमधील वाटपाच्या दाव्यात गट नंबर होता, पण चतुःसीमा नव्हती. दाव्याचे कारण केव्हा व कोठे घडले तो परिच्छेद नव्हता. दाव्याचे मूल्यांकन आणि कोर्ट फीची ओळ कोरी होती आणि शेवटी सत्यापनही, म्हणजे मजकूर खरा असल्याची सहीनिशी ग्वाहीही, नव्हती. तोच दावा तशाच उणिवांसह वर्गातील बहुतेकांच्या वहीत उतरला, प्रत्येक पानावर लाल शाईची सही झाली आणि सर्वांना भरघोस गुण पडले.

न्यायालयात असा दावा दाखल करायला गेले तर दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ७ नियम ११ समोर उभा राहतो. दाव्याचे कारण दिसत नसेल, किंवा मुदत देऊनही मूल्यांकन अथवा कोर्ट फीची पूर्तता झाली नाही, तर दावा नामंजूर होतो. हा नियम आम्ही सैद्धान्तिक पेपरात दहा गुणांसाठी लिहिला होता, आणि त्याच सत्रात त्याचा भंग करणारा मसुदा जर्नलमध्ये लिहून गुण मिळवले होते. दोन पेपरांची सांगड घालून देणे एवढेच शिक्षकाचे काम होते. ते झाले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ज्या शेतकऱ्याचा दावा तांत्रिक उणिवेमुळे लांबतो, त्याची किंमत तोच मोजतो.

मूट कोर्टच्या पेपरात तीन मूट, एक दिवाणी व एक फौजदारी खटल्याचे निरीक्षण आणि पक्षकाराच्या मुलाखतींची दोन सत्रे यांना प्रत्येकी ३० आणि तोंडी परीक्षेला १० गुण असतात. आमची एक मूट मात्र खरोखर उत्तम झाली. वादीच्या बाजूने मी उभी होते आणि निवृत्त न्यायाधीशांनी ‘तुमची मागणी नेमकी कोणत्या कलमाखाली आहे?’ एवढेच विचारून मला बराच वेळ उभे ठेवले. त्या एका दुपारी जे कळले, ते अनेक व्याख्यानांतून कळले नव्हते. उरलेल्या दोन मूट कागदावरच झाल्या. खटल्याच्या निरीक्षणाचे तर ई-कोर्ट्सच्या ॲपवरून तारखा उतरवून घेतले की भागायचे, आणि न्यायालय महाविद्यालयापासून फार दूर नसताना साक्षीदाराचा सरतपास (त्याच्याच बाजूच्या वकिलाने घेतलेला) आणि उलटतपास कधीही न पाहता पदवीधर झालेले माझे वर्गमित्र आहेत.

इंटर्नशिपचा नियम पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी किमान वीस आठवड्यांचा आहे. एका शैक्षणिक वर्षात ती सलग चार आठवड्यांहून अधिक करता येत नाही, आणि पूर्ण अभ्यासक्रमात एकदा तरी विचारण न्यायालयात (जेथे खटला प्रथम चालतो) व अपिलात काम करणाऱ्या वकिलांकडे ती करावीच लागते. येथे महाविद्यालयाने प्रमाणपत्रापलीकडे लक्ष घातले नाही, तरी सांगलीतील वकील मंडळींनी ती कसर भरून काढली. ज्या सीनियरांकडे मी गेले, तेथे द्राक्ष आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेले धनादेश न वटल्याची प्रकरणे सतत येत. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यास पंधरा दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार, हे धनादेश न वटण्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ चे गणित मला पुस्तकाने नव्हे तर तेथील पोचपावत्यांच्या फायलीने शिकवले. नोटिशीची पोचपावती जपून न ठेवणाऱ्या शेतकऱ्यापुढे किती अडचणी उभ्या राहतात, हे पाहिल्यानंतर टपालाच्या पावतीकडे मी पूर्वीसारखे पाहू शकत नाही.

हजेरीची अट प्रत्येक विषयात ७० टक्क्यांची आहे आणि अपवादात्मक परिस्थितीत प्राचार्य ६५ टक्क्यांपर्यंत सवलत देऊ शकतात. आमच्याकडे ती बऱ्यापैकी पाळली जायची आणि टर्म ग्रँट न होण्याची, म्हणजे परीक्षेला बसू न मिळण्याची, धास्ती खरी होती. जत किंवा आटपाडीहून रोज ये-जा करणाऱ्यांना हे जड जाते. शक्य असेल त्यांनी सांगलीत किंवा मिरजेत खोली घ्यावी, असे मी सुचवेन.

भाषेबद्दल थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. जिल्हा व तालुका न्यायालयांचे कामकाज मोठ्या प्रमाणावर मराठीत चालते, दावे-कैफियती मराठीत लिहिल्या जातात, साक्षीदार मराठीत बोलतो. आमचे मसुदालेखन मात्र संपूर्ण इंग्रजीत झाले. परिणाम असा, की इंग्रजीतील नमुना पाठ असलेल्या नव्या वकिलाला साधी पुरसीस (न्यायालयाला एखादी गोष्ट कळवणारे छोटे लेखी निवेदन) मराठीत लिहिताना कारकुनाकडे पाहावे लागते. इंग्रजी हवीच, कारण उच्च न्यायालयाचे काम तिच्यात चालते आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने सांगली-साताऱ्याच्या तरुण वकिलांना ते दार आता जवळ आले आहे. तीस लेखनकार्यांपैकी निम्मी मराठीत घेतली, तर दोन्ही गरजा भागतील.

पदवीनंतरच्या अटींचीही कल्पना असावी. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, नोंदणी करावी लागते. जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नोंदणी शुल्क ॲडव्होकेट्स ॲक्टमधील मर्यादेपेक्षा, म्हणजे खुल्या प्रवर्गासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा, अधिक घेता येणार नाही असे स्पष्ट केले. वकिली चालू ठेवण्यासाठी अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. न्यायाधीश होण्याचे स्वप्न घेऊन येणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२५ चा निर्णय अवश्य लक्षात घ्यावा, कारण कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट त्याने पुन्हा आणली आहे. म्हणजे पदवी मिळताच परीक्षा देण्याचा मार्ग बंद झाला असून, प्रात्यक्षिक पेपरांत जे शिकायचे राहिले ते आता प्रत्येकाला आड येणार आहे.

एवढे असूनही हा अभ्यासक्रम मी इतरांना सुचवेन, पण महाविद्यालय निवडताना एक काम करावे. सुट्टीत न जाता सत्र चालू असताना एखाद्या दुपारी जावे, मूट कोर्टची खोली उघडून दाखवण्यास सांगावे आणि अंतिम वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांची मसुदालेखनाची जर्नले मागून शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. दोन्हींतील दावे वेगळे असतील, समासात शिक्षकांनी दुरुस्त्या केल्या असतील आणि मूल्यांकनाची ओळ भरलेली असेल, तर प्रवेश निःशंक घ्यावा.