वॉटरप्रूफिंगवाला आणि शिवाजीनगरच्या वकीलबाई

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते शेवटी सांगतो.

मी पुण्यात वॉटरप्रूफिंगची कामं सब-काँट्रॅक्टवर घेतो. गेल्या वर्षी एका स्कीमचं टेरेस पहिल्याच पावसात गळलं आणि मुख्य ठेकेदारानं माझ्या नावावर ४,८०,००० ची डेबिट नोट, म्हणजे माझ्याकडून वसुलीचा कागद, फाडली. वर ‘कोर्टात खेचतो’ हेही ऐकवलं. तोवर वकिलाशी माझा संबंध गोडाऊनच्या भाडेकरारापुरताच.

बाईंनी पहिल्या बैठकीचे ३,५०० घेतले आणि अर्धा तास कायद्याचं नावही काढलं नाही. “पाँडिंग टेस्टवर सही कुणाची?” एवढंच धरून बसल्या. टेरेसवर ४८ तास पाणी भरून ठेवलं होतं, साइट इंजिनिअरची सहीही झाली होती, पण कागद राहिला साइट ऑफिसात. माझ्याकडे नुसता त्याचा फोटो. मग मिस्त्रीच्या मोबाइलमध्ये आणखी एक सापडला: आमच्या कोब्यात ड्रिल मारून बसवलेले सोलर स्टँडचे बोल्ट, भोवती भुकटी तशीच पडलेली. तारीख टेस्टनंतरची. बाईंनी मिस्त्रीला दमच भरला, हा मोबाइल विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही. असा फोटो कोर्टात द्यायचा तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

मी मात्र उद्यमचा, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचा, कागद नाचवत गेलो होतो. ४५ दिवसांत पैसे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज! त्यांनी तिथंच थांबवलं. माल आणि मजुरी एकत्र, म्हणजे वर्क्स काँट्रॅक्ट. अशा कामांना तो लघुउद्योगांचा कायदा लागू नाही असे मुंबई हायकोर्टाचे निकाल आहेत. दुसऱ्या कुणी आधी अर्ज टाकून फी लावली असती.

वर्क ऑर्डरमध्ये, वाद झाला तर निवाडा करणारा एकमेव लवाद ठेकेदार कंपनीचे एमडी नेमणार असं होतं. सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या निकालानंतर असं चालत नाही, हे बाईंनी ठेकेदाराला दिलेल्या उत्तरात दोन ओळींत लिहिलं. सोबत दोन्ही फोटो. दोन मीटिंगांत डेबिट नोट मागे. रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेले पैसे, अजून अडकलंय, ते डीएलपी (दोष-दुरुस्तीची मुदत) संपल्यावरच सुटेल.

आता नवी ऑर्डर आधी त्यांच्याकडे जाते. ‘क्लायंटचे पैसे आल्यावर पेमेंट’ ही ओळ त्यांनी लाल पेनानं खोडली. माझा मजूर परांचीवरून पडला तर भरपाई मुख्य ठेकेदाराकडून घेता येते, पण कायद्यानं तो ती माझ्याकडून वसूल करू शकतो, हे मला वीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं. डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे मजुरांच्या भरपाईचा विमा, त्याच आठवड्यात काढली.

स्टार कापला तो वेळेसाठी. सहाला बोलावतात, नंबर पावणेआठला लागतो, आणि बाहेर खुर्च्या दोनच. फोन उचलत नाहीत, मेसेज टाका. मूळ वर्क ऑर्डर न्या. मोबाइलवर पीडीएफ दाखवलीत तर परत पाठवतात. मला पाठवलं होतं, हडपसरपर्यंत.